अर्धीबाईचा पहिला हिवाळा

अर्धीबाई बोलायला लागली की समोरच्यानं दोन पावलं मागं सरायचं, हे आमच्या गटाच्या बैठकीत कुणाला शिकवावं लागलं नाही. तिचा आवाज घरातला नव्हताच, उसाच्या फडातला होता. फडात दोन माणसांच्या मध्ये ऊस उभा असतो, शेजारचं माणूस दिसत नाही आणि कोयत्यांचा सपसप आवाज थांबत नाही. तिथं हळू बोललेलं कुणाला कळत नाही. लहानपणापासून तिथंच बोलायला शिकलेली ही बाई समाजमंदिरात माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची आणि मी पलीकडच्या बांधावर उभी असल्यासारखी मला हाक मारायची. "ओ म्याडम, हप्ता आनलाय. घ्या लिहून." बाहेर लिंबाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांनाही कळायचं, आज कुणाचा हप्ता आला ते.

तिचं खरं नाव गया. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नसतं. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता. नवरा तापानं गेला त्या वर्षी मुकादमानं तिला अर्धा कोयता म्हणून टोळीत धरलं, आणि महिन्याभरात टोळीनं तिचं नावच अर्धी करून टाकलं. तिला हे लागत असेल असं मला वाटायचं. म्हणून पहिल्या बैठकीत मी रीतसर 'गयाबाई' असं नाव पुकारलं, तर ती स्वतःच मागं वळून बघायला लागली, ही दुसरी गया कोण आली म्हणून. मग हसून म्हणाली, "अर्धी म्हना. गया म्हनलं की वाटतं, सरकारी मानूस आलंय दारात."

मी तेव्हा बीडच्या एका संस्थेत काम करत होते. गेवराई तालुक्यातली, चकलांब्याच्या बाजूची काही गावं माझ्याकडं होती. काम सरळ होतं. पाचपाच बायकांचे गट करायचे, एकमेकींना जामीन ठेवायचं, धंद्यासाठी लहान कर्ज द्यायचं आणि दर आठवड्याला बैठक घेऊन हप्ता जमा करायचा. एकीचा हप्ता चुकला तर उरलेल्या चौघींनी भरायचा. कागदावर हे फार सोपं दिसतं. प्रत्यक्षात बायका गट करायला बसल्या की लग्न जमवताना करत नाहीत एवढी चौकशी करतात. कुणाचा नवरा पितो, कुणाची सासू भांडखोर, कुणाच्या घरात आजारपण आहे, सगळं बाहेर निघतं. अर्धीबाईला कुणी घेत नव्हतं. मागं पुरुष माणूस नाही, हप्ता थकला तर धरायचं कुणाला, असा सगळ्यांचा सवाल होता. शेवटी तिची शेजारीण द्वारका म्हणाली, "घ्या गं तिला. कोयत्याला अर्धी असंल, कामाला दीड हाय." द्वारकाची जीभ तिखट होती, पण तिनं एकदा म्हटलं की गल्ली ऐकायची. अशा रीतीनं अर्धीबाई गटात आली आणि द्वारका तिची पहिली जामीन झाली.

तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती तिनं पहिल्याच बैठकीत सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगितली. तिची मुलगी रेणू त्या वर्षी दहावीत गेली होती. आजवर अर्धीबाई दसरा झाला की रेणूला आपल्या सासूजवळ ठेवून टोळीबरोबर जायची आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायची. त्या उन्हाळ्यात सासू वारली. आता रेणूला गावात एकटीला ठेवता येत नव्हतं. बरोबर न्यायचं तर शाळा सुटणार होती, आणि फडावर गेलेली पंधरा वर्षांची पोरगी दोन दिवसही नुसती बसून राहत नाही. आधी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करते, मग मोळ्या बांधते, मग तिच्या हातात कोयता येतो. अर्धीबाई स्वतः अशीच त्या कामात शिरली होती. म्हणून तिला येता हिवाळा गावात काढायचा होता, आणि गावात राहायचं तर गावात चालेल असा धंदा हवा होता.

टोळीत जाण्याआधी मुकादम जे पैसे देतो त्याला उचल म्हणतात. उचल आणि आमचं कर्ज यातला फरक मी बायकांना तक्ते लावून समजावत असे. अर्धीबाईनं तो एका वाक्यात सांगितला आणि पुढं मी माझे तक्ते नेणंच बंद केलं. ती म्हणाली, "उचल घेतली की मानूस नेऊन द्यावं लागतं. ह्याच्यात नुसता हप्ता नेऊन द्यायचा, मानूस घरीच ऱ्हातं."

धंदा ठरला पिठाच्या गिरणीचा. गावात एकच गिरणी होती, शेषरावांची. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तिथं दळणाच्या डब्यांची रांग दारापासून रस्त्यावर यायची. दळण टाकून बायका घरी जायच्या आणि दुसऱ्या दिवशी डबा न्यायला यायच्या. दुसरी गिरणी हवीच, यावर गटातल्या पाचही जणींचं एकमत झालं. मीही उन्हाळ्यातच ते गाव बघितलं होतं. रांग मला दिसत होती. गेवराईहून एक जुनी गिरणी मिळाली. अर्धीबाईनं घराच्या पुढच्या पडवीत ती बसवली, नारळ फोडला, पहिलं दळण द्वारकाचं दळलं. शेषराव येऊन बघून गेले, पान खाऊन गेले. बोलले काहीच नाहीत.

पावसाळाभर गिरणी छान चालली. हप्ते वेळच्या वेळी आले. रेणू शाळेतून आली की डब्यांवर खडूनं नावं घालायची. अर्धीबाई पिठानं पांढरी झालेली असायची, भुवयासुद्धा, आणि तशीच बैठकीला यायची. द्वारका तिला म्हणायची, "बाई, तू तर म्हातारी होऊन बसलीस." ती म्हणायची, "होऊ दे की. हितंच म्हातारी होईन."

दसरा झाला. ट्रॅक्टर आले. संसाराच्या पेट्या, धान्याची पोती, कोंबड्यांच्या पाट्या, लेकरं, सगळं ट्रॉल्यांत चढलं. गटातल्या द्वारकासह तिघीजणी गेल्या. जाताना त्यांनी पुढचे हप्ते आपापल्या माणसांकडं ठेवले होते. अर्धीबाई वेशीपर्यंत पोचवायला गेली. ती मला नंतर सांगत होती की आयुष्यात पहिल्यांदा तिनं ट्रॅक्टरच्या मागं उडालेला फुफाटा खाली उभं राहून खाल्ला. आजवर तो ती वर बसून उडवत आली होती. दुसऱ्या दिवशी तिनं सकाळी गिरणी झाडली, तिचे दगड पुसले आणि बसली. दळण आलं नाही. लोक दमले असतील, असं तिला वाटलं. तिसऱ्या दिवशी दोन डबे आले, तेही पायलीच्या आतले. चौथ्या दिवशी काहीच नाही.

मी त्या आठवड्याला गेले तेव्हा ती गिरणीच्या पायरीवर बसली होती. गल्लीत दोन्ही बाजूंनी बंद दारं. एक कुत्रं मधोमध झोपलेलं, त्याला उठवायला कुणी नव्हतं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "म्याडम, मी कधी बगितलंच न्हवतं ओ. आमी गेल्यावर गाव कसं दिसतं, त्ये मला कसं ठावं असंल? मी कवा हितं होते?"

खरं होतं. गाव जातं हे तिला माहीत होतं, कारण ती त्याच्याबरोबर जात होती. मागं काय उरतं हे ना तिनं कधी पाहिलं होतं, ना द्वारकानं, ना गटातल्या आणखी कुणी. पाचही जणींनी एकमतानं ठरवलेला धंदा ज्या गावासाठी होता, ते गाव पाच-सहा महिने जागेवरच नसायचं. मागं राहणाऱ्या रेणूला आणि म्हाताऱ्यांना कुणी विचारलंच नव्हतं. गिरणीचा हिवाळा ठाऊक असलेला माणूस एकच, शेषराव. ते दिवाळीनंतर आपली गिरणी आठवड्यातून दोनच दिवस चालवायचे आणि बाकीचे दिवस शेतावर असायचे. त्यांनी तरी हे कशाला सांगावं?

एक हप्ता चुकला. मग दुसरा. आमच्या साहेबांचा फोन मला आला. नियमाप्रमाणे गटानं भरावा, असं ते म्हणाले. गटातली उरलेली एकटी बाई आजारी होती. मी बैठकीतून द्वारकाला फोन लावला. ती तेव्हा कोल्हापूरच्या बाजूला फडात होती. मी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला, हे करायला नको होतं, असं मला लगेच वाटलं, कारण द्वारका ओरडलीच. "मी हितं बोटं कापून घ्यायची आन् तिथं तुजा हप्ता भरायचा व्हय गं? ये की मग हिकडंच. कोयते कमी हायेत, मुकादम बलवायलाय." अर्धीबाईनं फोन हातात घेतला आणि "बरं" एवढंच म्हणाली. तो शब्द इतका हळू आला की पलीकडून द्वारकानं दोनदा विचारलं, "काय म्हनलीस? काय म्हनलीस?" त्या दिवशी मला पहिल्यांदा तिची भीती वाटली. म्हणजे तिच्यासाठी वाटली.

मुकादम खरंच आला. तो गावचाच, लांबचा दीरच तिचा. मागं राहिलेल्यांची आणखी एक ट्रॉली शनिवारी निघणार होती. मी तिथंच होते. त्यानं चपला काढल्या, पाणी घेतलं, चांगल्या शब्दांत बोलला. पोरीला धरून पुरा कोयता लावतो, उचल आजच हातात देतो, हप्त्याचा सगळा ताप मिटवून टाक, असं त्याचं म्हणणं होतं. वाईट हेतूनं तो बोलत नव्हता, हीच त्यातली अडचण होती. अर्धीबाई म्हणाली, विचार करून सांगते. तो गेल्यावर रेणू आतून आली. पुस्तक हातात होतं, बोट पानात घातलेलं. ती आईला म्हणाली, "जाऊ आई. परीक्षा काय, पुढच्या साली बी असती." आईनं झाडू घेतला आणि अंगणात गेली.

तिला झाडण्याची सवय होती. फडावर पहाटे तीनला उठायची ती खोड गावातही गेली नव्हती, आणि उठून काम नसलं की ती झाडायची. स्वतःचं अंगण झालं की द्वारकाचं, द्वारकाचं झालं की पुढचं. बंद घरांची अंगणं झाडून काय उपयोग, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती की पाला साचला की घर मेल्यागत दिसतं, आणि मेल्यागत दिसणाऱ्या घरांच्या मधे आपल्याला राहवत नाही.

झाडताना ती त्या दिवशी लक्ष्मणआबांच्या घरापर्यंत गेली. आबा साठी उलटून बरीच वर्षं झालेले, दोन नातवंडांना घेऊन मागं राहिलेले. लेक आणि सून फडावर. अर्धीबाईनं त्यांना सरळ विचारलं, "आबा, घरात ज्वारी हाय, मंग दळण कावून टाकीत न्हाई?" आबांनी चुलीवरचं पातेलं उघडून दाखवलं. रेशनच्या तांदळाचा भात. सकाळी तोच, संध्याकाळी तोच, रोज तोच. ते म्हणाले, "तू दळून देशील गं. पर थापून कोन दिल?"

नंतर अर्धीबाई हे वाक्य शेकडो वेळा सांगायची, आणि प्रत्येक वेळी आबांचा आवाज काढून. ती घरी आली, दोन पसे पीठ घेतलं, परत गेली आणि आबांच्याच चुलीवर भाकरी थापल्या. नातवंडांनी पहिली भाकर तव्यावरून उतरायच्या आत मोडली. दुसऱ्या दिवशी तिनं आणि रेणूनं सगळं गाव घरोघर पाहिलं. ज्या दारांतून धूर निघत होता त्या प्रत्येक दारात म्हातारं माणूस होतं आणि लेकरं होती. कुणाचे डोळे गेलेले, कुणाच्या हाताला कंप, कुणाला खाली बसता येत नाही. सगळ्यांच्या घरात लेकी-सुनांनी भरून ठेवलेली ज्वारी, आणि सगळ्यांच्या चुलीवर भात किंवा पातळ पिठलं. हिवाळ्यातल्या त्या गावाला गिरणी नको होती. भाकर हवी होती.

पद्धत तिनंच ठरवली. ज्वारी घरची द्यायची. दळायचं तिनं, थापायचं तिनं, सकाळी आणि संध्याकाळी गरम भाकर रेणूनं किंवा तिनं घरोघर पोचवायची. मजुरी पैशात नाही, त्याच ज्वारीतून काही भाग तिचा. म्हाताऱ्यांकडं रोख नव्हतीच, पण धान्य होतं, आणि धान्य देताना हात आखडत नाही. मी तिला विचारलं, हप्ता मात्र रोख लागतो, त्याचं काय? तिनं वाट्याला आलेल्या ज्वारीच्या कडक भाकरी करायला घेतल्या. पातळ थापायची, तव्यावर भाजून चुलीच्या कडेला उभी लावून वाळवायची. महिनाभर टिकते, पापडासारखी मोडते. गेवराईकडं हमरस्त्यावर जे ढाबे आहेत तिथं ती सकाळच्या दुधाच्या टेम्पोनं गेली. पहिल्या ढाबेवाल्यानं, तिच्या सांगण्याप्रमाणे, भाकर घेतली ती तिच्या आवाजाला घाबरून. दुसऱ्या दिवशी त्यानंच आणखी मागितल्या.

शनिवारी मुकादम परत आला. पडवीत चूल पेटलेली, अर्धीबाई परातीपाशी बसलेली, बाजूला भाकरींची चवड. रेणू शाळेत गेली होती. त्यानं विचारलं, काय ठरलं? तिनं थापता हात थांबवला नाही.

"पोरगी शाळंत हाय, मुकादम."

"आगं, पर पुरा कोयता झाला असता तुजा."

"अर्ध्यात अर्धा मिळिवला की एक व्हतो, त्ये तिच्या बाईंनी शिकिवलंय तिला. तुमच्याकडं शिकायला लावायची गरज न्हाई." मग स्वर जरा खाली आणून म्हणाली, "बसा. भाकर खाऊन जा. लांबचा रस्ता हाय."

मुकादम बसला. दोन भाकरी खाल्ल्या, मिरचीचा ठेचा परत मागून घेतला. उठताना उंबऱ्यात थांबला, चपलेत पाय घालायला वेळ लावला आणि तिच्याकडं न बघता बोलला, "माजी म्हातारी बी हितंच ऱ्हातीय. तिला देत जा. दात न्हाईत तिला, मऊ थाप जरा."

चुकलेले हप्ते जानेवारीपर्यंत भरून निघाले. साहेबांना मी ते कळवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की गिरणीच्या कर्जावर भाकरीचा धंदा कसा दाखवायचा. मी म्हटलं, पीठ तर तेच आहे.

कर्जाबद्दल माझं मत मी इथं लिहून टाकते, कारण लोक मला अजूनही विचारतात. या कामात मी शेळ्या मेलेल्या पाहिल्या, शिवणयंत्रं विकली गेलेली पाहिली, दोन जावांच्या भांडणात फुटलेले गट पाहिले. कर्जानं कुणाचं भलं होतं असं मी सरसकट म्हणणार नाही. कर्ज माणसाला जागेवर थांबायला थोडा अवधी देतं, एवढंच खात्रीनं सांगते. अर्धीबाईला तो अवधी मिळाला. त्यात ती झाडू घेऊन आबांच्या दारापर्यंत गेली, हे तिचं तिनं केलं.

पाडव्याला ट्रॅक्टर परत आले. द्वारका उतरली, आपल्या दारात आली आणि अंगणाकडं बघत उभी राहिली. पालापाचोळा नाही, तुळशीपाशी सडा घातलेला. फोनवर ओरडली होती ते दोघींच्याही लक्षात होतं. द्वारकानं विचारलं, "कोन झाडलं गं?" अर्धीबाई म्हणाली, "वाऱ्यानं." द्वारकानं पेटीतून गुळाची ढेप काढली आणि अर्धीबाईच्या परातीत ठेवली. माफी मागायची आणि द्यायची, दोन्ही कामं त्यात उरकली. त्यानंतर दोघी कट्ट्यावर बसून इतक्या मोठ्यानं गप्पा मारायला लागल्या की शेषराव गिरणी बंद करून ऐकायला आले.

रेणू दहावीला गणितात नापास झाली. मी पेढ्यांऐवजी धीराचे चार शब्द घेऊन गेले होते. अर्धीबाई दारातच मला म्हणाली, "नापास तर नापास. आमी तर नापास व्हायला बी कवा गावात नसायचो." मग रेणूकडं वळून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "परत बस. अभ्यास कर. भाकरी मी थापते." रेणू पुरवणी परीक्षेला पास झाली, बारावी झाली, आणि मग आईच्या पडवीतच तिनं दुसरी चूल घातली. पुढच्या कर्जातून मोठी परात, पत्र्याची शेड आणि ढाब्यांपर्यंत जायला एक जुनी मोपेड आली. ती मोपेड रेणू चालवायची आणि अर्धीबाई मागं बसून रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाची खुशाली विचारायची. ओल्या बाळंतिणी, पोटुशा बायका, लहान लेकरं असलेल्या, ज्यांना टोळीबरोबर जाणं जड होतं, अशा चार-पाच जणी दरवर्षी तिच्याकडं हिवाळा काढायला लागल्या. द्वारका मात्र थांबली नाही. तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर जुनी उचल होती, ती दरवर्षी जायची, आणि दरवर्षी जाताना अर्धीबाईला टोमणा मारायची, "बस तू हितं शेकत." अर्धीबाई तिच्या ट्रॉलीत कडक भाकरींची थप्पी बांधून द्यायची. फडावर पहाटे एक चूल कमी पेटवावी लागावी, एवढ्यासाठी.

भाकरीबद्दल ती फार हट्टी होती. गार भाकर म्हाताऱ्याला द्यायची नाही, हा तिचा कायदा. एकदा थंडीत मी तिच्याबरोबर फिरले. प्रत्येक दारात ती भाकर हातात देऊन निघून जात नसे, उंबऱ्यात बसत असे आणि पहिला घास जाईपर्यंत उठत नसे. मी घाई करत होते, मला पुढची गावं होती. ती म्हणाली, "म्याडम, म्हातारं मानूस एकट्यानं खात न्हाई ओ. नुसतं समोर ठिवलं तर झाकून ठिवतंय, लेकाची वाट बगत." त्यानंतर मी बैठका थोड्या उशिरा सुरू करायला लागले. म्हाताऱ्या माणसांच्या घरी गेले की चहा संपेपर्यंत बसते. हे मी तिच्याकडून घेतलं.

पुढं माझी बदली बीडच्या कार्यालयात झाली. भेट कमी झाली, फोन व्हायचे. फोनवर बोलताना ती अशी ओरडायची की फोन नसता तरी बीडपर्यंत आलं असतं. गेल्या पौषात रेणूचा फोन आला, आई गेली म्हणून. कावीळ झाली होती, अंगावर काढली, मग पोटात पाणी झालं. मी पोचले तेव्हा गावात म्हातारी माणसं, लेकरं आणि पडवीतल्या त्या चार-पाच बायका, एवढीच मंडळी होती. रेणूनंच चितेला पाणी दिलं. फडावरच्यांना फोन गेले होते, पण वाट्याला आलेला उसाचा पट्टा अर्धवट सोडून, उचल अंगावर घेतलेलं माणूस लगेच येऊ शकत नाही. द्वारकानं फोन उचलला आणि ऐकून ठेवून दिला, असं रेणू म्हणाली.

पाडव्याच्या दोन दिवस आधी मी रेणूच्या नवीन कर्जाच्या कागदावर तिची सही घ्यायला गेले होते. त्याच दुपारी ट्रॅक्टर आले. पहिली उतरली ती द्वारका. पेट्या ट्रॉलीतच ठेवल्या. आपल्या दाराकडं गेली नाही. भिंतीच्या कडेला तीन दगड मांडले, वाळल्या काडीकचऱ्याचं चगाळ पेटवलं, ट्रॉलीतल्या पोत्यातून पीठ काढलं आणि तिथंच उकिडवी बसून भाकरी थापायला लागली. तिचं बघून दुसरी बसली, मग तिसरी. गल्लीत ठिकठिकाणी धूर निघायला लागला. मला आधी वाटलं, प्रवासाची भूक लागली असेल.

आमच्याकडं ज्या घरात माणूस गेलं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे, भावकीतले भाकर घेऊन येतात आणि घरच्यांना दोन घास खायला लावतात. त्याला कडू भाकर म्हणतात.

द्वारका पदराखाली भाकर आणि वर पिठल्याचा गोळा घेऊन रेणूच्या उंबऱ्यात आली आणि उभी राहिली. मागं बायकांची रांग लागली, प्रत्येकीच्या हातात झाकलेली भाकर. रेणू गोंधळून गेली. म्हणाली, "मावशी, आता कशाला? तीन महिने झाले की."

द्वारका तिच्यासमोर जमिनीवर बसली. "तुला तीन महिने झाले, बाय. आमाला आज झालं. घी, घास घी."

रेणूनं तिच्या हातातली भाकर मोडली. मग दुसरीच्या हातातली, मग तिसरीच्या. एकेका भाकरीचा एक घास, आणि बाई उठली की पुढची बसायची. मी कागद पिशवीत घातले. दिवस मावळला तरी रांग होती, आणि गल्लीतल्या एकाही घराचं कुलूप अजून कुणी उघडलं नव्हतं.